फील्डवर संशोधकासोबत चार दिवस: विद्यार्थ्यांनी नेमके काय पाहावे?

मूळ लेखन – मिरग

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयापासून वीस मिनिटे चालले, की सडा लागतो. जांभ्या दगडाचा हा सपाट कातळ मे महिन्यात पाय भाजेल इतका तापतो आणि मृग बरसला की पंधरा दिवसांत हिरवा होतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद बहुतेक ठिकाणी 'पोटखराबा' अशीच आहे, त्यामुळे मुलेही त्याला पडीक जमीनच समजतात. परिसंस्थेचा धडा वर्गात शिकवताना क्वाड्रॅटची, म्हणजे नमुना मोजणीसाठी जमिनीवर आखलेल्या चौकटीची, व्याख्या मुले घडाघडा म्हणतात, पण दोरी आणि चार खुंट्या घेऊन क्वाड्रॅट आखलेला त्यांच्यापैकी कोणीही पाहिलेला नाही.

यंदा जुलैमध्ये सड्यावरच्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या एका गटाने आमच्या तीन विद्यार्थ्यांना चार दिवस सोबत ठेवण्याची तयारी दाखवली आहे. इंग्रजीत याला जॉब शॅडोइंग म्हणतात. मी मुलांना 'सोबत राहून काम पाहणे' असे सांगितले आहे. माझी भीती एवढीच आहे, की त्याची सहल होईल. मुले पावसात भिजतील, फोटो काढतील, आनंदाने परत येतील, आणि शास्त्रज्ञ दिवसभर नेमके काय करतो हे त्यांना कळलेलेच नसेल. ज्यांनी असे विद्यार्थी सोबत नेले आहेत किंवा जे स्वतः असे गेले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे. मुलांनी काय करावे, काय करू नये, आणि जाण्यापूर्वी मी त्यांची काय तयारी करून घ्यावी?

प्रतिसाद – कातळफूल

मिरगताई, तुमची भीती रास्त आहे. मी गेली काही वर्षे कोकणातल्या सड्यांवर बेडूक आणि पालींची मोजणी करते आणि जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात एखादा विद्यार्थी आमच्यासोबत असतो. सुरुवातीला मीही चूक करत असे. पाहुणा आला म्हणून त्याला सगळ्यात देखणे ते दाखवायचे, सीतेची आसवे आणि दवबिंदू ही रानफुले कुठे फुलली आहेत तिकडे न्यायचे, एखादा दुर्मीळ प्राणी दिसला तर हाक मारून बोलवायचे. मुले खूश होत, पण आमचे काम त्यांना दिसतच नसे, कारण आमच्या कामाचा मोठा भाग काहीही न सापडण्याचा असतो.

एक उदाहरण देते. सड्यावरच्या सुट्या दगडांखाली एक लहानशी पाल राहते, जिच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. शास्त्राला ती १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या परिसरातून माहीत झाली आणि आजही तिचे ज्ञात अस्तित्व कोकणातल्या थोड्याशा पट्ट्यापुरतेच आहे. तिची मोजणी करायची म्हणजे सड्यावर ठरावीक आकाराची चौकट आखायची आणि तिच्यातले सगळे सुटे दगड एकेक करून उचलून पाहायचे. एका चौकटीत साठ दगड असले, तर त्यांतल्या पंचावन्नांखाली मुंग्या, विंचू, गोम किंवा नुसती ओल असते. कधीकधी साठांच्या साठांखाली पाल नसते, आणि तेव्हा रकान्यात शून्य लिहायचे असते. ते शून्य लिहिणे टाळले, रकाना मोकळा सोडला, तर संध्याकाळी कोणालाच सांगता येत नाही, की तिथे पाल नव्हती की तिथे कोणी पाहिलेच नव्हते. शिवाय पाल असूनही न दिसण्याची शक्यता असतेच, म्हणून त्याच चौकटीत तीन-चार वेळा जावे लागते आणि फेऱ्यांच्या नोंदींवरूनच ती शक्यता किती, हे काढता येते. आज सड्यांवर सुरुंग लावून, बाहेरची माती आणून आंबा-काजूच्या बागा उभ्या राहत आहेत, काही ठिकाणी जांभ्याच्या खाणी आहेत. उद्या कोणी विचारले, की बागेमुळे या प्राण्यांचे काय झाले, तर त्याचे उत्तर बागेतल्या शून्यात आणि मोकळ्या सड्यावरच्या आकड्यात असते. तुमच्या मुलांनी चार दिवसांत हे एक समजून घेतले, तरी मी समाधानी असेन.

दगड उचलण्याची रीत त्यांना पहिल्याच दिवशी नीट पाहू द्या. आपल्या भागात फुरसे भरपूर आहे आणि ते याच दगडांखाली बसते. त्यामुळे दगडाची आपल्यापासून दूरची कड काठीने किंवा आकडीने आपल्याकडे ओढून उचलायची, म्हणजे दगड आपल्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये आडोशासारखा उभा राहतो आणि प्राण्याला पलीकडे निघून जायला वाट मिळते. पाहून झाले, की दगड जसा होता तसाच, त्याच खाचेत, तीच बाजू खाली ठेवून परत ठेवायचा. दगडाच्या खालच्या अंगाला ओलीची एक रेघ असते, तिच्यावरून तो नेमका कसा बसला होता ते कळते. खाली प्राणी असेल, तर त्याला आधी बाजूला जाऊ द्यायचे आणि मगच दगड टेकवायचा. हा दगड म्हणजे कुणाचे तरी घर आहे. उलटा टाकलेला दगड दोन तासांत वाळतो आणि मग त्याखाली कोणीही राहत नाही. दगडांना हात लावण्याचे काम विद्यार्थ्यांना आम्ही देत नाही, पण तो परत कसा ठेवला जातो, हे पाहण्यासाठी मी त्यांना मुद्दाम जवळ उभे करते.

नोंद कशी होते, तेही पाहण्यासारखे आहे. पाहणारा आकडा मोठ्याने सांगतो, लिहिणारा तोच आकडा मोठ्याने परत म्हणतो आणि मगच लिहितो. पावसाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात 'सात' आणि 'आठ' यांत घोटाळा फार सहज होतो. लिहायला शिसपेन्सिल असते, कारण शाई भिजली की दिवसभराचे काम वाहून जाते. तारीख, वेळ, ढग, पाऊस, हवेचे आणि दगडाचे तापमान, पाहणाऱ्याचे नाव हे सगळे प्राण्याच्या आधी लिहायचे असते. तिसऱ्या दिवशी मी विद्यार्थ्याला कोरे डेटाशीट देते आणि आमच्या लिहिणाऱ्याच्या शेजारी उभे राहून स्वतंत्रपणे तीच नोंद करायला सांगते. संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक पाहायचे. त्याच्या कागदावरची नोंद आम्ही वापरत नाही, हे त्याला आधीच सांगितलेले असते, त्यामुळे चुकण्याचे दडपण राहत नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, ती म्हणजे मुलांना संध्याकाळी घरी पाठवून देऊ नका. फील्डवरचे सहा तास हा अर्धाच दिवस असतो. नंतर बुटांचा चिखल घासून काढायचा, बूट आणि जाळी निर्जंतुक करून वाळवायची, कारण बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात आपल्याच बुटांवरून जाऊ शकते. मग फोटोंना नावे द्यायची, जीपीएसमधले बिंदू उतरवायचे, डेटाशीट संगणकावर चढवायचे आणि दुसऱ्याने ते मूळ कागदाशी ताडून पाहायचे. हे कंटाळवाणे वाटते आणि ज्याला यात रस वाटला, त्याने या वाटेला जरूर यावे, असे माझे अनुभवाचे मत आहे.

प्रतिसाद – नदीकाठ

कातळफूल यांनी फार नेमके लिहिले आहे. मी एम.एस्सी. करत आहे आणि दुसऱ्या बाजूचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आला आहे. त्यासाठी मी एका संस्थेत गेलो होतो. पहिल्या दिवसापासून मला एका खोलीत बसवून कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे, फोटो वेगळे करायला सांगितले: रिकामे एका फोल्डरमध्ये, प्राणी असलेले दुसऱ्या. ते फोटो कुठले आहेत, कॅमेरे कशासाठी आणि कोणत्या अंतरावर लावले, रिकाम्या फोटोंचे पुढे काय होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला अखेरपर्यंत मिळाले नाही. विचारले, की 'आधी काम संपव' असे ऐकायला मिळे. शेवटी प्रमाणपत्र मिळाले, पण त्या कामातला मी कोण होतो, हे आजही मला सांगता येत नाही.

म्हणून मिरग मॅडम, एक गोष्ट जाण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्या. सोबत राहून पाहणे वेगळे, प्रशिक्षण वेगळे आणि बिनपगारी मजुरी वेगळी. पाहायला आलेल्या मुलाच्या हातात काम दिले तर हरकत नाही, परंतु त्या कामाचा प्रश्न काय आहे, हे त्याला त्याच दिवशी कळले पाहिजे. मुलांना एक प्रश्न जरूर विचारायला सांगा: 'या हंगामात तुमचे काय चुकले आणि मग तुम्ही पद्धत कशी बदलली?' नंतर मी नदीतल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधिकेसोबत तीन पहाटा घालवल्या. तिला हाच प्रश्न विचारल्यावर तिने जुन्या वह्या काढून, कुठल्या आठवड्यात जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकांचा, आकार चुकीचा निवडल्यामुळे लहान मासे नोंदीतून निसटले, ते मला पानोपानी दाखवले. त्या तीन पहाटांनी माझा प्रबंधाचा विषय ठरवला.

प्रतिसाद – एक आई

माझी मुलगी यंदा अकरावीला आहे आणि तिला या कामाची मनापासून ओढ आहे. मी अडवणारी आई नाही, पण काही प्रश्न आहेत. उघड्या सड्यावर मुलींनी लघवीला कुठे जायचे? पाळीच्या दिवसांत काय करायचे? बेडकांची मोजणी रात्री असते असे ऐकले आहे, तेव्हा सोबत कोण असते? वीज, साप आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) यांचे काय? या गोष्टी माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही आणि मुली विचारायला संकोचतात.

प्रतिसाद – कातळफूल

ताई, तुम्ही उघडपणे विचारलेत, याबद्दल मनापासून आभार. आमच्या गटात हे सगळे पहिल्याच बैठकीत, मुलगे आणि मुली दोघांसमोर, मोठ्याने सांगितले जाते. सड्याला लागून असलेल्या वाडीतल्या एका घराशी आमचे बोलणे झालेले असते आणि दर दोन-अडीच तासांनी तिकडे फेरी ठरलेली असते, त्यासाठी कोणाला परवानगी मागावी लागत नाही. ज्या दिवशी चालवत नसेल, त्या दिवशी कारण न सांगता खोलीवर थांबून डेटा भरण्याचे काम घेता येते. रात्रीच्या मोजणीला अठरा वर्षांखालील कोणालाही आम्ही नेत नाही. पालक स्वतः सोबत असतील, तरच त्याला अपवाद करतो.

सापापेक्षा मला विजेची धास्ती जास्त वाटते. सड्यावर झाड नसते, त्यामुळे उभा माणूसच सगळ्यात उंच ठरतो. गडगडाट ऐकू आला की मोजणी जिथे असेल तिथे थांबवायची, त्या वेळेची नोंद करायची आणि खाली उतरून पक्क्या घरात जायचे, हा नियम मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सोबत घेत नाही. पायांत गुडघ्याखालपर्यंत गमबूट हवेतच. जखम असेल तर साचलेल्या पाण्यात आणि भातखाचरात उतरायचे नाही. नंतर ताप आला तर अंगावर न काढता डॉक्टरांना 'पाण्यात उतरलो होतो' हे आवर्जून सांगायचे, कारण लेप्टोच्या निदानाला त्याची मदत होते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे, हे हंगामापूर्वी स्वतः जाऊन विचारायचे असते. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात जायचे असेल, तर २०१६पासून तिथे माकडताप आढळला आहे, म्हणून गोचिडांपासून बचावाची तयारी वेगळी करावी लागते.

प्रतिसाद – रानवाट

मी वनविभागातून वनपाल म्हणून निवृत्त झालो. परवानगीबद्दल थोडे लिहितो, कारण उत्साहाच्या भरात ते राहून जाते. सडा गावकीचा किंवा खाजगी असेल, तर मालकाला विचारून चालता येते. अभयारण्यात किंवा राखीव वनात जायचे असेल, तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. कुठेही असले, तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असलेला प्राणी पकडणे आणि हाताळणे परवान्याशिवाय करता येत नाही, आणि तो परवाना संशोधकाच्या व त्यात नमूद केलेल्या सहकाऱ्यांच्या नावे असतो, सोबत आलेल्या विद्यार्थ्याच्या नावे नसतो. मुलांना परवान्याची प्रत वाचायला द्यावी. कोणत्या जाती, किती काळ आणि कोणत्या अटींवर, हे वाचले की कामाचे गांभीर्य आपोआप कळते.

दुसरे असे, की सोबत राहण्यासाठी शास्त्रज्ञच हवा, असे नाही. देशातली व्याघ्रगणना २००६पासून दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने होते, आणि तिच्यातली पायवाटेवरची पहिली नोंद वनरक्षक करतो: ठसा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, खुरवाल्या प्राण्यांची मोजणी. आमच्यासोबत एक दिवस बीटावर, म्हणजे वनरक्षकाच्या गस्तीच्या हद्दीत, फिरलेला मुलगा मला म्हणाला होता, 'काका, तुम्ही खालीच बघत चालता.' मी त्याला म्हटले, की वर बघायचे ते थांबून, चालताना जमीन वाचायची.

प्रतिसाद – बंदरवाट

रानवाट काकांशी पूर्ण सहमत. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. वेळासला २००२ साली हे संवर्धनाचे काम सुरू झाले आणि मग कोकणातल्या अनेक गावांत पसरले. माझे वडील कासवमित्र आहेत, म्हणजे गावातर्फे कासवांची घरटी राखतात. पहाटे वाळूवरचा माग पाहून ते कासवीण आली आणि गेली कुठून, घरटे नेमके कुठे, आणि ही खोटी उठाठेव आहे की खरे घरटे, हे सांगतात. मग अंडी मोजून, त्यांची वरची बाजू फिरू न देता, जाळीने बंदिस्त केलेल्या उबवणीच्या जागेत तेवढ्याच खोलीवर ठेवायची आणि तारीख व संख्या पाटीवर लिहायची. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. वाळूच्या तापमानावर नर की मादी ते ठरते, म्हणून उबवणीच्या जागेवर सावली किती, याचीही नोंद ठेवावी लागते.

कासव महोत्सवाला येणारे लोक पिल्ले समुद्रात जाताना पाहतात, आणि ते पाहण्यासारखेच आहे. पण काम पाहायचे असेल, तर विद्यार्थ्याने डिसेंबर-जानेवारीत यावे आणि पाच दिवस पहाटे चारला वडिलांसोबत किनारा चालावा. त्यांतल्या चार दिवशी एकही माग दिसणार नाही. कातळफूल यांचे शून्य आमच्याकडे असे वाळूवर असते.

प्रतिसाद – उंबर

थोडे वेगळे मत मांडतो. अकरावीच्या मुलांना चार दिवस पाठवण्यापेक्षा त्यांनी वर्षभर एकच झाड पाहावे. सीझनवॉच नावाच्या उपक्रमात देशभरची मुले ठरलेल्या झाडाची दर आठवड्याला नोंद करतात: पालवी, कळ्या, फुले, कच्ची आणि पिकलेली फळे. चार दिवसांत पावसाळा समजत नाही. अभ्यासकासोबत राहण्याआधी स्वतःची नोंदवही असावी, असे मला वाटते.

प्रतिसाद – कातळफूल

उंबर, मला हे पटते, मात्र 'त्यापेक्षा' या शब्दाऐवजी 'त्याआधी' म्हणावेसे वाटते. ज्यांच्याकडे आधीपासून दोन महिन्यांची वही होती, त्या मुलांनी आम्हांला विचारलेले प्रश्न अधिक धारदार होते. मिरगताई, जूनपासून तिघांना महाविद्यालयाच्या आवारातले एकेक झाड द्या आणि पावसाचा साधा मापक लावून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजू द्या. हवामान खातेही दिवसाचा पाऊस साडेआठ ते साडेआठ असाच मोजते, त्यामुळे त्यांची नोंद पुढे ताडून पाहता येईल.

प्रतिसाद – मिरग

सगळ्यांचे आभार. मुले मागच्या आठवड्यात जाऊन आली, म्हणून काय घडले ते लिहिते.

पाऊसमापक जूनच्या पहिल्या आठवड्यात लावला होता. दोघांनी एकही दिवस चुकवला नाही, तिसऱ्याचे सहा दिवस मोकळे राहिले आणि त्याने तिथे अंदाजाने आकडे न भरता 'पाहिले नाही' असे लिहिले, याचे मला फार बरे वाटले. सड्यावर पहिले दोन दिवस एकही पाल दिसली नाही. मुले हिरमुसली, परंतु नोंदीचे कागद मी पाहिले, त्यांत चौदा चौकटींपुढे चौदा शून्ये नीट लिहिलेली आहेत. तिसऱ्या दिवशी, दहाच्या सुमारास, एका तळहाताएवढ्या दगडाखाली ती दिसली. माझ्या विद्यार्थिनीने तिचे वर्णन 'शेपटी उचलून बसलेली, करंगळीपेक्षा बारीक' असे केले आहे. तिने फोटो काढला नाही, कारण त्या वेळी ती लिहिणाऱ्याच्या शेजारी उभी राहून आकडा परत म्हणत होती.

संध्याकाळी कागद ताडताना एक फरक निघाला. बेडूकमाशांच्या मोजणीतल्या नवव्या डबक्यापुढे गटाच्या कागदावर 'पाणी ४ सेंमी' होते आणि माझ्या विद्यार्थ्याच्या कागदावर 'कोरडे'. सगळ्यांना वाटले, की मुलाचे चुकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा रात्री मुसळधार पाऊस होऊनही ते डबके रिकामे होते. कातळाला एक भेग आहे आणि पाऊस थांबल्यावर तासाभरात पाणी तिथून झिरपून जाते. गटातल्या लिहिणाऱ्याने पाऊस पडत असताना नोंद केली होती आणि मुलगा मागाहून पोहोचला होता, म्हणजे दोघांच्याही नोंदी खऱ्या होत्या. त्या दिवसापासून डेटाशीटमध्ये 'पाऊस थांबून किती वेळ झाला' असा नवा रकाना आला आहे.

आता वर्गातल्या आणखी अकरा जणांनी नावे दिली आहेत, पण एका वेळी तिघांपेक्षा जास्त नेता येणार नाहीत, असे गटाने सांगितले आहे आणि मला ते योग्य वाटते. बंदरवाट, डिसेंबरमध्ये दोघांना तुमच्या वडिलांसोबत पाच पहाटा चालता येईल का, ते त्यांना विचारून कळवावे. रानवाट काका, बीटावरच्या दिवसासाठी अर्ज कोणाच्या नावे करायचा, तेही सांगावे. आणि कोणाकडे पाच आणि सहा नंबरचे वापरलेले गमबूट असतील, तर आम्हांला हवे आहेत. मुलींच्या मापाचे तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत.